नागपूरच्या गच्चीवरून समुद्राची तयारी: भरकटलेला डायव्हर बोटीला दिसावा कसा

मागच्या डिसेंबरात सकाळी साडेसातला मी गच्चीवर पावणेदोन मीटर उंचीची केशरी पिशवी तोंडाने फुगवत उभा होतो. शेजारच्या काकू वड्या वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, "काय करून राहिला बाप्पा? इथं कोणता समुद्र आहे?"

प्रश्न रास्त होता. मुंबईकडे नेणारा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा. आपण नागपूरकर वर्षातून एकदा, फार तर दोनदा, रेल्वेने कुडाळला उतरून मालवण-तारकर्ली गाठतो किंवा विमानं बदलत अंदमानला जातो आणि चार-सहा डाइव्ह मारून परत येतो. किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाताला जी सवय आपोआप लागते, ती आपल्या हाताला नसते. त्यासाठीच ही गच्ची.

आता माझी फजिती. मालवणजवळ तिसऱ्या डाइव्हला प्रवाह अपेक्षेपेक्षा जोराचा निघाला. मी आणि माझा जोडीदार वर आलो तर बोट चारेकशे मीटरवर, तोंड भलतीकडे. माझी एसएमबी, म्हणजे पाण्यावर उभी राहणारी निशाणीची फुगीर नळी, बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगवणाऱ्या जाकिटाच्या, खिशात होती. दोरीचा गुंता इतका घट्ट की ओल्या बोटांनी सुटेना, आणि सोडवता सोडवता स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, हातातून निसटून खाली गेलं. जोडीदाराची एसएमबी उभी राहिली म्हणून वीस मिनिटांनी बोट वळली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, एवढंच म्हणाला, "तां केशरी दिसलां म्हणान इलंय." आमची डोकी त्याला दिसलीच नव्हती. साधन माझ्याकडेही होतं, फक्त ते मी घरी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

बोटीला आपण का दिसत नाही

क्षितिजाचं अंतर काढायचं एक सोपं गणित आहे: डोळ्यांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. तरंगणाऱ्या डायव्हरचे डोळे पाण्यावर जेमतेम २० सेंटीमीटर असतात, म्हणजे त्याचं जग दीड-पावणेदोन किलोमीटरवर संपतं. बोटीवर उभ्या माणसाचे डोळे दोन मीटरवर धरले तर त्याला पाच किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. कागदावर ठीक वाटतं. पण त्या पाण्यात तुम्ही म्हणजे काळ्या हुडातलं नारळाएवढं डोकं, आणि अर्ध्या मीटरच्या लाटेतही ते निम्मा वेळ लाटेआड. त्यात सूर्य तुमच्या बाजूला असेल तर सगळं पाणी चमकत असतं.

दुसरं गणित वाहण्याचं. एक नॉट प्रवाह म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, मिनिटाला सुमारे ३१ मीटर. वीस मिनिटांत तुम्ही सहाशे मीटरच्या पुढे गेलेले असता आणि बोट अजून तुम्ही उडी मारलेल्या जागेवर बुडबुडे शोधत असते. म्हणून पहिली पाच मिनिटं सगळ्यात मोलाची.

कधीकधी तर बोट शोधतच नसते. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकी जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट किनाऱ्याला परतली. माणसं मोजण्यात चूक झाली होती. दोघं राहिल्याचं लक्षात यायला दोन दिवस गेले. ती सापडली नाहीत. त्यामुळे निघण्याआधी बोटीवर नावं घेऊन हजेरी होते का, हे विचारायला लाजू नका. नुसतं डोकी मोजणं पुरत नाही. मी आता तांडेलाला स्वतः सांगतो: आम्ही दोघं, इतक्या मिनिटांनी वर येऊ, आमची निशाणी केशरी.

एसएमबी: सगळ्यात आधी हीच

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर इथे घाला. घेताना तीन गोष्टी बघा. उंची दीड मीटरच्या खाली नको. मीटरभराच्या एसएमबी लाटेत बुडतात. खालचं तोंड उघडं असलेली घेऊ नका, कारण ती पाण्यावर आडवी झाली की हवा सोडून देते. एकदिशा झडप असलेली, तोंडानेही फुगवता येणारी आणि जास्त हवा बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह असलेली घ्या. आणि वरच्या टोकाला प्रकाश परतवणारी चंदेरी पट्टी हवी. नसेल तर जहाजांच्या लाइफ जॅकेटवर असते तशी पट्टी घेऊन चिकटवा. रात्री शोधबोटीच्या लाइटात ती दुरून चकाकते.

रंग केशरी किंवा पिवळा. काही ठिकाणी केशरी म्हणजे "आम्ही इथे आहोत" आणि पिवळी म्हणजे "मदत हवी" असा संकेत असतो, पण तो सगळीकडे सारखा नाही. बोटीवर आधीच विचारून ठेवा.

पाण्याखालून ती वर सोडण्याची पद्धत अशी. पाच मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपच्या, म्हणजे वर येताना थांबायच्या टप्प्याच्या, थोडं आधी, सात-आठ मीटरवर, हात रिकामे करा आणि शरीर स्थिर करा. वर बघा, बोटीचा तळ किंवा दुसरा डायव्हर डोक्यावर नको. एसएमबी उलगडा, स्पूलची दोरी लावलेली आहे ना ते चाचपा. स्पूल एका हाताच्या अंगठ्या-तर्जनीत असं धरा की ते मोकळं फिरेल. मग ऑक्टोपसमधून, म्हणजे श्वास घ्यायच्या जादा तोटीतून, किंवा स्वतःच्या सुटणाऱ्या बुडबुड्यांतून, थोडी हवा भरा. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे अर्धी भरलेली नळी वर जाऊन पूर्ण फुगते. पाच मीटरवर दोन-तृतीयांश भरावी लागते. खोलवर ती ठासून भरण्याचा हट्ट करणारेच वर ओढले जातात.

हवा भरली की सोडा. दोरी धावेल, स्पूल फिरेल. फिरता फिरता ते अडलं तर हातातून सोडून द्या. वस्तू गेली तरी चालेल, झटक्यात वर ओढले जाऊन फुप्फुसं फाटायला नकोत. याच कारणासाठी स्पूल कधीही बीसीडीला क्लिपने अडकवून सोडायचं नाही. नळी पृष्ठभागावर पोचली की दोरी ताणून ठेवा. ताण सुटला की ती पाण्यावर आडवी पडते आणि तिचा उपयोग निम्मा होतो.

आमच्या घराजवळच्या जलतरण तलावात सकाळची बॅच संपल्यावर परवानगी काढून मी हे बारा-पंधरा वेळा केलं. तलाव उथळ आहे, त्यामुळे दाबाचा धडा मिळत नाही, पण दोरी गुंडाळणं, उलगडणं आणि हाताला हिसका न देता सोडणं हे सगळं तिथे शिकता येतं. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला मास्क लावूनही करून पाहिलं. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, आता पाऊण मिनिट. अंबाझरी किंवा फुटाळा तलावात हे प्रयोग करू नका. तिथे पोलीस ओरडतील तो भाग वेगळा, गाळात अडकलात तर बाहेर काढायला बोट नसते.

शिट्टी आणि हवेचा भोंगा

शिट्टी बिनगोळीची घ्या. आत कॉर्कचा गोळा असलेली रेफरीची जुनी शिट्टी भिजली की गप्प होते. बिनगोळीची पाण्यातून काढून झटकली की लगेच वाजते. ती बीसीडीच्या डाव्या खांद्यावर, हवा भरायच्या नळीजवळ, आखूड दोरीने बांधा. खिशात ठेवली तर ती नाही असंच समजा. संकटाची खूण तीन लांब शिट्ट्या, मग थांबून कान देणं. सलग फुंकत राहणारा माणूस उत्तर ऐकू शकत नाही आणि दमतो.

शिट्टीची ताकद आणि मर्यादा दोन्ही बघायच्या असतील तर फुटाळ्यावर जा. पहाटे सहाला मित्र या काठावर आणि मी त्या काठावर, शिट्टी खणखणीत ऐकू आली. संध्याकाळी सातला कणसांच्या गाड्या, बुलेटचे आवाज आणि गाणी सुरू झाल्यावर तीच शिट्टी निम्म्या अंतरावरही कळेना. समुद्रावर इंजिन हेच काम करतं. इंजिन चालू असलेल्या बोटीवरच्या माणसाला शिट्टी फार तर जवळून ऐकू येते. इंजिन बंद असेल आणि वारा तुमच्याकडून त्याच्याकडे असेल तर बरंच लांबून.

कमी दाबाच्या नळीत बसवायचा हवेचा भोंगा शिट्टीपेक्षा कितीतरी मोठ्याने वाजतो, पण तो सिलिंडरमधल्या हवेवर चालतो. वर येताना सिलिंडरमध्ये ५० बार दाब शिल्लक ठेवा असं इन्स्ट्रक्टर घोकून घेतात, त्याचं हे एक जास्तीचं कारण.

आरसा, म्हणजे नागपूरकरांची हुकमी बाजी

सिग्नलचा आरसा तळहाताएवढा, वजनाला काहीच नाही, बॅटरी नाही, आणि स्वच्छ उन्हात त्याची तिरीप बोटीला दहा-पंधरा किलोमीटरवरूनही जाणवते. विमानातून त्याहून लांबून. न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, मधे छिद्र असलेला घ्या. काहीच नसेल तर जुनी सीडीही चालते. तिला छिद्र आयतंच असतं.

सराव गच्चीवर करा. ऊन इथे वर्षाचे आठ महिने फुकट आहे. आरसा डोळ्याजवळ धरा. दुसरा हात पुढे ताणून दोन बोटांची चिमटी उघडा आणि त्या फटीत निशाण बसवा, माझ्याकडे दोनशे मीटरवरची पाण्याची टाकी आहे. आता आरसा हलवत प्रकाशाचा ठिपका आधी बोटांवर आणा, मग अगदी हलके खाली-वर डोलवा. ठिपका टाकीवर नाचताना दिसला की जमलं. पहिल्या दिवशी मला टाकी सोडून सगळं सापडलं, चिंचेचं झाड, कबुतरं, काकूंची खिडकी. सूर्य पाठीमागे असला की फारच अवघड जातं. तो समोर किंवा बाजूला असावा. रस्त्यावरच्या गाडीवर किंवा सोनेगावकडे उतरणाऱ्या विमानावर तिरीप मारू नका, चालकाचे डोळे दिपतात.

समुद्रात बोट दिसत नसली तरी क्षितिजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरीप फिरवत राहा. तुम्हाला न दिसणारा माणूस तुम्हाला पाहू शकतो, वरचं वर्गमूळाचं गणित तेच सांगतं. ढग आले की आरसा खिशात.

दिवा, रंग, फ्लेअर

दिवसाच्या डाइव्हलाही छोटा टॉर्च बरोबर ठेवा. संध्याकाळी चारच्या डाइव्हला वर येऊन तासभर वाहिलात तर अंधार आहेच. टॉर्च एसएमबीच्या आत किंवा तिच्या अंगाला टेकवून लावला तर अख्खी नळी कंदिलासारखी पेटते. मला वाटतं, हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा उपाय आहे. लुकलुकणारा स्ट्रोब बीसीडीच्या खांद्यावर उंच बांधा आणि बोट किंवा विमान जवळपास असण्याची शक्यता असेल तेव्हा लावा. बॅटरी रात्रभर पुरवायची असते.

पाण्यात सोडायचा हिरवट रंग फक्त हवाई शोधात उपयोगी, आणि खवळलेल्या पाण्यात लवकर विरतो. फ्लेअर बोटीवर असू द्या. हातातली लाल फ्लेअर मिनिटभर जळते, पॅराशूटवाली ३०० मीटर उंच जाऊन चाळीसेक सेकंद. ती स्फोटक वस्तू आहे, विमानात चालत नाही आणि रेल्वेतही नेता येत नाही, म्हणून नागपूरहून घेऊन जाण्याचा विचारच सोडा. बोटीवर आहेत का आणि मुदत संपलेली नाही ना, एवढं बघा.

उपग्रहाची मदत

इथे पैसे जास्त लागतात आणि गैरसमजही जास्त आहेत. पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) हे खिशात मावणारं, संकटात तुमची जागा कळवणारं यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी संदेश पाठवतं. तो कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह पकडतात. त्यातून पहिली सुटका १९८२ मध्ये झाली. भारतात हे संदेश इस्रोच्या बंगळुरूतल्या केंद्रात येतात, जमिनीवरची स्थानकं बंगळुरू आणि लखनौला आहेत. तिथून निरोप तटरक्षक दलाच्या समुद्री बचाव केंद्रांकडे जातो, मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम. जीपीएस असलेला पीएलबी तुमची जागा शंभरेक मीटरपर्यंत सांगतो. नसेल तर चूक काही किलोमीटरची होऊ शकते. बॅटरी किमान २४ तास चालते.

आता यातल्या खाचाखोचा. जुना १२१.५ मेगाहर्ट्झचा बीकन कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. उपग्रहांनी तो ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय; आता ती लहर फक्त जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवायला उरली आहे. बहुतेक पीएलबी पाच ते पंधरा मीटर खोलीपर्यंतच जलरोधक असतात, तेव्हा डायव्हरला वेगळी दाबरोधक डबी लागते. अँटेना पाण्याबाहेर, आकाशाकडे धरावी लागते, तासन्‌तास. हात दुखतो, जोडीदाराशी पाळी लावा. आणि यंत्राची नोंदणी ज्या देशाचा संकेतांक त्यात असेल त्या देशात करावी लागते.

दुसरा प्रकार एआयएसवर, म्हणजे जहाजांना एकमेकांची जागा कळवणाऱ्या रेडिओ व्यवस्थेवर, चालणारा, आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर तुमची जागा दाखवणारा. त्याचा क्रमांक ९७२ ने सुरू होतो. तो आधी तुमच्याच बोटीला कळवतो, म्हणून मनाला पटतो, पण बोटीवर एआयएस बसवलेला असेल तरच. मालवणच्या छोट्या होडीवर तो असेलच असं धरून चालू नका. मच्छीमार बोटींवर इस्रोचं संकटसंदेश यंत्र, डॅट, असतं. तांडेलाला विचारा की आहे का आणि चालू आहे का.

आणि एक गोष्ट ठळकपणे. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारी ट्रेकरांची छोटी यंत्रंही त्याच कचाट्यात येतात. अशा यंत्रामुळे विमानतळावर प्रवाशांना अडवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. परदेशातून नातेवाइकाला "येताना घेऊन ये" असं सांगू नका. हातातला व्हीएचएफ रेडिओही परवान्याचा मामला आहे. तो बोटीवर असू द्या, तुम्ही फक्त चॅनल १६ हा संकटाचा चॅनल लक्षात ठेवा. पीएलबी घेताना विकणाऱ्याकडून परवान्याचे कागद आणि संकेतांक कोणत्या देशाचा ते लेखी घ्या.

वर आलात आणि बोट नाही

पहिल्या मिनिटात बीसीडी पूर्ण फुगवा, मास्क डोळ्यांवरच ठेवा, घड्याळ बघा. जोडीदाराला हाताने धरा, मग पट्ट्याने एकमेकांना अडकवा. एसएमबी उभी करा आणि तिचं खालचं टोक पाण्यात ओढून धरा, म्हणजे ती ताठ राहते.

बोट दिसत असेल तर तीन शिट्ट्या, आरसा, आणि एक हात डोक्यावरून इकडून तिकडे हलवणं. दोन्ही हात डोक्यावर गोल करणं म्हणजे "ठीक आहे", ते चुकून करू नका. पर्यटकांनी भरलेली बोट जवळून गेली तर लोक हमखास टाटा करतात! त्यांना शिट्टी ऐकवा, पायातली फिन काढून हवेत हलवा.

प्रवाहाविरुद्ध पोहू नका. बोटीकडे पोहणं फक्त ती जवळ असेल आणि पाणी स्थिर असेल तेव्हाच. दहा-पंधरा मिनिटांत कोणी वळलं नाही तर वजनाचा पट्टा सोडा, आणि पीएलबी असेल तर सुरू करा. "उगाच लोकांना त्रास" हा संकोच इथे नको. नंतर बोट आलीच तर १५५४ या तटरक्षक दलाच्या क्रमांकावर कळवून इशारा रद्द करता येतो. यंत्र नुसतं बंद करून गप्प बसू नका, शोध सुरूच राहतो.

मग थांबणं. आपलं पाणी २८ अंशांचं असलं तरी पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढतं. गुडघे छातीशी घ्या, दोघांनी चिकटून राहा, हुड काढू नका.

परत आल्यावर आणि निघण्याआधी

सगळं गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून, सावलीत वाळवा. नागपुरी मे महिन्यात ४५ अंशांत बंद गाडीच्या डिक्कीत पीएलबी किंवा टॉर्च ठेवणं म्हणजे लिथियम बॅटरीचा काळ. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. आमच्या विमानतळावर तपासणीत मला एसएमबी पूर्ण उलगडायला लावली होती. मी फुगवून दाखवू का विचारलं, तर जवान हसला.

आणि शेवटचं काम घरी करायचं. पीएलबी वाजला की खरा की खोटा हे तपासायला नोंदणीत दिलेल्या क्रमांकावर फोन जातो, आणि आमच्या गटाच्या यंत्राच्या नोंदणीत माझ्या आईचा नंबर आहे. ती अनोळखी नंबर उचलत नाही; बँकेच्या नावाने फसवणारे असतात म्हणते. म्हणून मी जाण्याच्या आदल्या दिवशी एक कागद फ्रिजवर चिकटवतो: कोणत्या तारखेला कोणत्या बोटीवर, किती जण, डाइव्हची वेळ, बोटवाल्याचा नंबर, १५५४, आणि खाली मोठ्या अक्षरात, "या चार दिवसांत कोणताही फोन उचल, आणि तो खरंच समुद्रात आहे असं सांग."

मागच्या खेपेला तिने त्या चार दिवसांत क्रेडिट कार्डवाल्यांचे सात फोन उचलले आणि प्रत्येकाला मी समुद्रात असल्याचं सांगितलं.